पाच मायक्रॉनचा माग : मास्क, महामारी आणि एक हरवलेला संदर्भ

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्या अनेकांचे मेसेज येतात आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो : "रेफरन्स किती मागे जाऊन बघायचा?" याचं उत्तर नियम सांगून देता येत नाही, असं माझं मत आहे. त्यामुळे आज एक गोष्ट सांगते. आपण सगळे त्या गोष्टीच्या आतून गेलो आहोत, म्हणून ती परकी वाटणार नाही.

२०२० साली आपण सगळ्यांनी एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं की ते पाठच झालं. खोकल्या-शिंकल्यावर तोंडातून थेंब उडतात. पाच मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब मीटर-दोन मीटरच्या आत जमिनीवर पडतात, त्याहून लहान असतील तेच हवेत तरंगतात. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. आमच्या नोट्समध्ये हे वाक्य होतं, पाठ्यपुस्तकात होतं, आरोग्य संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांत होतं. किराणा दुकानासमोर चुन्याने आखलेली वर्तुळं याच वाक्यातून आली. 'दो गज की दूरी' यातूनच आली. थेंब खाली पडून पृष्ठभागावर बसतात म्हटल्यावर दुधाच्या पिशव्या धुणं आलं, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवणं आलं, कुरिअरचा खोका दोन दिवस जिन्यात ठेवणं आलं. दुकानदाराने गल्ल्यासमोर प्लास्टिकचा पडदा लावला आणि आत एसी चालू ठेवून दार घट्ट बंद केलं. त्या वाक्याच्या हिशेबाने त्याचं सगळं बरोबरच होतं.

आता जरा वही-पेन घ्या. स्थिर हवेत पडणाऱ्या छोट्या गोल थेंबाचा वेग स्टोक्सच्या नियमाने काढता येतो, बारावीच्या फिजिक्समध्ये तो असतो. घनता पाण्याची धरा, हवेची श्यानता साधारण १.८ × १०⁻⁵ एसआय एककांत. पाच मायक्रॉनच्या थेंबाचा वेग येतो सेकंदाला पाऊण मिलिमीटर. म्हणजे दीड मीटरवरच्या तोंडातून निघालेला थेंब जमिनीवर यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ घेणार, आणि तेही पंखा बंद, खोलीत कोणी हलत नाही असं धरलं तर. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मीटर-दोन मीटरच्या आत, काही सेकंदांत पडायचं तर थेंब शंभर मायक्रॉनच्या आसपासचा हवा. पाच आणि शंभर! हा काही दशांश चिन्हाचा घोळ नाही. मग जगभरच्या पुस्तकांत पाच हा आकडा आला कुठून?

हा प्रश्न नेमका विचारला तो अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या केटी रँडल या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने. त्या विषाणूशास्त्राच्या नव्हत्या. वैद्यकाच्या इतिहासात भाषा आणि युक्तिवाद कसे घडतात, हा त्यांचा अभ्यास. एरोसोलवर काम करणाऱ्या लिन्से मार त्याच विद्यापीठात होत्या आणि हा आकडा त्यांना बरीच वर्षं खटकत होता. इतिहासाचे प्राध्यापक टॉम युइंग यांच्यामार्फत हे काम रँडल यांच्याकडे आलं. एका पेपरचा संदर्भ, त्या संदर्भाचा संदर्भ, असं मागे मागे जायचं. त्या कुठे पोचल्या ते पुढे येईलच. आधी मास्कचा इतिहास थोडा मागून घेऊ, कारण हवेची भीती आणि हवेची चेष्टा दोन्ही तिथेच सुरू होतात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत रोग 'दूषित हवेतून' येतात असं मानणारे पुष्कळ होते. घाण, दुर्गंधी, दमट वाफ, सगळं एकात. पाश्चर आणि कॉख यांच्यानंतर जंतूंचा सिद्धांत रुजला आणि हवेबद्दल बोलणं जुनाट वाटायला लागलं. हा संक्रमणाचा काळ आपल्याकडे फार जवळून दिसतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी प्लेग ओळखला. हे मूळचे गोव्याचे. पुढच्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण सरकारी खबरदारी अजून घरं धुणं, छपरं काढणं, सामान जाळणं, माणसं उचलून नेणं अशीच होती, कारण उंदीर-पिसू-माणूस ही साखळी तेव्हा कुणाला पुरती कळलेली नव्हती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी लागू केला तो हाच १८९७ चा कायदा, हे मात्र अनेकांच्या लक्षात नसतं.

तेच १८९७ साल मास्कचंही आहे. ब्रेस्लाऊ म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. तिथले शल्यचिकित्सक मिकुलिच शस्त्रक्रियेच्या वेळी नाका-तोंडावर जाळीदार कापडाचा, म्हणजे गॉझचा, एक पदर बांधायला लागले. कारण होते त्यांचे सहकारी कार्ल फ्लुगं. फ्लुगं यांच्या प्रयोगशाळेतला प्रयोग इतका सोपा आणि सुंदर आहे की कोणत्याही कॉलेजात करून दाखवावा (आजच्या सुरक्षा नियमांत बसणार नाही, ती गोष्ट वेगळी). लाल वसाहती देणारा एक जिवाणू घेऊन त्याने चूळ भरायची, मग खोलीत बोलायचं, खोकायचं. खोलीत ठिकठिकाणी उघड्या ठेवलेल्या प्लेट्सवर नंतर लाल ठिपके उगवतात. म्हणजे साध्या बोलण्यातूनही जिवंत जंतू बाहेर पडतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : हा मास्क सर्जनच्या तोंडातून रुग्णाच्या जखमेत काही जाऊ नये म्हणून होता. घालणाऱ्याच्या रक्षणाचा विचार त्यात नव्हता.

तो उलटा विचार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाला मांचुरियात, १९१० च्या डिसेंबरमध्ये. मला या प्रकरणाबद्दल जरा जास्तच लिहायचं आहे.

तार्बागन नावाचा एक मोठा खारीच्या कुळातला प्राणी, मारमॉट. त्याच्या कातड्याला बाजारात एकदम भाव आला आणि शांडोंगसारख्या प्रांतांतून हजारो गरीब मजूर शिकारीला उत्तरेकडे गेले. जुने शिकारी आजारी, मंद झालेला तार्बागन ओळखून सोडून द्यायचे. नव्यांना ते ज्ञान नव्हतं. थंडी पडल्यावर हे लोक कोंदट धर्मशाळांमध्ये एकमेकांना चिकटून झोपायचे. प्लेग फुटला आणि तो रेल्वेमार्गावरून हार्बिन शहरात पोचला. चिनी सरकारने पाठवलेला डॉक्टर होता अवघा एकतीस वर्षांचा : वू लिएन-तेह. पेनांगमध्ये जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला.

वू २४ डिसेंबरला हार्बिनला पोचले. तीन दिवसांनी त्यांनी एका धर्मशाळा चालवणाऱ्या जपानी बाईचं शवविच्छेदन गुपचूप केलं; तिथे शवाला हात लावणं समाजमान्य नव्हतं. फुप्फुसात, रक्तात प्लेगचेच जंतू. पण काखेत-जांघेत गाठी नव्हत्या, आणि उंदीर तपासले तर त्यांच्यात प्लेग सापडत नव्हता. तोपर्यंत सगळ्या जगाचा प्लेगचा अनुभव मुंबईसारख्या गाठीच्या प्लेगचा होता; तिथे उंदीर आणि पिसू हेच उत्तर नुकतंच पक्कं झालं होतं. वू म्हणाले, हा प्लेग फुप्फुसाचा आहे, माणसाकडून माणसाकडे हवेतून जातो, उंदरांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्यांनी सर्जनचा मास्क घेतला आणि बदलला. गॉझची लांब पट्टी, आत कापसाचा जाड थर, टोकं चिरून बांधायला नाड्या. साहित्य बाजारात मिळणारं, शिवायला सोपं, स्वस्त. डॉक्टर, शिपाई, प्रेतं उचलणारे मजूर, सगळ्यांनी तो घालायचा. तोही स्वतःच्या रक्षणासाठी.

तिएन्जिनच्या वैद्यकीय महाविद्यालयातले ज्येष्ठ फ्रेंच प्राध्यापक मेनी हार्बिनला आले. त्यांना वू यांचं म्हणणं पटलं नाही. वू यांनी लिहिलं आहे की मेनी त्यांच्यावर भडकले आणि त्यांच्या चिनी असण्यावरून बोलले. ५ जानेवारी १९११ ला मेनी मास्क न लावता प्लेगच्या रुग्णालयात गेले, रुग्ण तपासले. ११ जानेवारीला ते वारले. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्क लावायला कोणाला सांगावं लागलं नाही.

आता संशोधक म्हणून इथे थांबा. मेनी यांच्या मृत्यूची नोंद पक्की आहे, तारखा पक्क्या आहेत. पण त्या खोलीत काय संवाद झाला हे मुख्यतः वू यांच्याच शब्दांत आपल्याकडे येतं, आणि त्यांचं आत्मचरित्र १९५९ चं आहे, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी छापलेलं. खोटं आहे असं मी म्हणत नाही. सांगणारा माणूस या भांडणात एक बाजू होता आणि त्याची बाजू पुढे बरोबर ठरली, हे तळटीपेत लिहायला हवं इतकंच. इंटरनेटवरच्या बहुतेक लेखांत हा प्रसंग नाटकातल्यासारखा रंगवून येतो आणि ही तळटीप गळते.

बाकीची खबरदारी मास्कइतकीच मोठी होती. रेल्वेचे मालडबे संशयितांच्या विलगीकरणासाठी घेतले. प्रवास बंद केला. गोठलेल्या जमिनीत पुरता येत नव्हती म्हणून दोन हजारांहून जास्त प्रेतं उघड्यावर पडली होती. ती जाळायला थेट बादशाही परवानगी आणावी लागली आणि ३१ जानेवारीला दहन झालं. मार्चच्या सुरुवातीला हार्बिनमधली शेवटची नोंद झाली. एकूण मृत्यू सुमारे ६०,०००. ज्यांना लागण झाली त्यातले जवळपास कोणीच वाचले नाहीत. यातलं मास्कचं श्रेय किती, दहनाचं किती, रेल्वे थांबवण्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही. सगळं एकदम केलं होतं. तुलनेसाठी दुसरं हार्बिन नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच १९१० साली अमेरिकेत चार्ल्स चेपिन या नामवंत आरोग्य अधिकाऱ्याचं संसर्गाच्या मार्गांवरचं पुस्तक निघालं. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक रोग जवळच्या संपर्काने पसरतात. हवेतून पसरणं जवळजवळ नाहीच. शिवाय लोकांच्या डोक्यातून हवेची भीती गेली तरच ते हात धुण्याकडे आणि संपर्क टाळण्याकडे लक्ष देतील, अशीही त्यांची धारणा होती. त्या काळाच्या मानाने हे पुरोगामी मत होतं. 'दूषित हवे'चं भूत उतरवायचं होतं ना! पण जवळ असताना लागण होते या निरीक्षणाचे दोन अर्थ निघतात. मोठे थेंब अंगावर उडतात हा एक. दुसरा असा की उच्छ्वासातला धूर जवळ दाट असतो आणि लांब विरळ. सिगारेट ओढणाऱ्याच्या शेजारी उभं राहून बघा. चेपिन यांनी पहिला अर्थ घेतला आणि पुढची पिढी तोच शिकली.

१९१८ चा फ्लू आला तेव्हा मास्क पुन्हा रस्त्यावर आला, पण पातळ होऊन. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर १९१८ च्या शेवटी मास्क सक्तीचा झाला, २१ नोव्हेंबरला सक्ती उठली, जानेवारीत आकडे वाढल्यावर परत लागली. तेव्हा 'अँटी-मास्क लीग' नावाची चक्क संघटना निघाली आणि १ फेब्रुवारीला सक्ती कायमची गेली. (तेव्हाच्या फोटोंत पोलीस मास्क लावून उभे आहेत आणि शेजारच्याने मास्क हनुवटीवर ओढून चिरूट लावला आहे, अशी दृश्यं सापडतात. आपली हनुवटीवरची परंपरा जुनी आहे!) हिंदुस्थानात तो फ्लू मुंबईच्या गोदीतून जूनमध्ये शिरला आणि मृतांचा अंदाज सव्वा कोटीच्या वर जातो; एकट्या कोणत्याही देशात इतकी माणसं त्या साथीत गेली नाहीत.

कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे केलॉग यांनी १९२० मध्ये गॉझ मास्कवरचा अभ्यास छापला. त्यांनी प्रयोगशाळेत जंतूंचा फवारा गॉझमधून सोडून किती अडतात ते मोजलं, आणि मास्क लावणाऱ्या स्टॉकटनचा मृत्युदराचा आलेख मास्क न लावणाऱ्या बॉस्टनशेजारी ठेवला. आलेख सारखेच दिसले. निष्कर्ष निघाला की मास्क साथ रोखत नाही. आता या एका अभ्यासात किती प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत बघा : विरळ गॉझ कण अडवतं का? जाड केलं तर हवा कडेने जाते का? लोक मास्क कुठे घालतात, रस्त्यावर की बंद खोलीत? आणि कायदा केल्याने लोक घालतात का? केलॉग स्वतः यातल्या बऱ्याच गोष्टी नोंदवतात. पुढे उद्धृत झाली ती मात्र शेवटची ओळ.

आता विल्यम वेल्स. हा माणूस डॉक्टर नव्हता, पाणीपुरवठा-स्वच्छतेचा इंजिनिअर होता. त्याची बायको मिल्ड्रेड वीक्स वेल्स डॉक्टर होती आणि कामाचा बराच भाग दोघांचा होता, जरी नाव बहुतेक वेळा एकाचंच येतं. हार्वर्डमध्ये असताना १९३४ साली वेल्सने साधा प्रश्न सोडवला : थेंब आधी जमिनीवर पोचतो की आधी वाळतो? मोठा थेंब न वाळता पडतो. छोटा थेंब वाटेतच वाळतो, उरतो तो हलका कण आणि तो तरंगत राहतो. या दोन्हींमधली सीमा त्याच्या गणितात शंभर मायक्रॉनच्या आसपास आली. म्हणजे वर आपण स्टोक्सवरून काढलं तेच.

मग वेल्स दांपत्याने फिलाडेल्फियाजवळच्या शाळेत वर्गांच्या वरच्या हवेत अतिनील दिवे लावले. १९४१ मध्ये शहरात गोवराची मोठी साथ आली तेव्हा दिव्यांच्या वर्गांत लागण बरीच कमी झाली. इतरांनी दुसऱ्या गावांत हाच प्रयोग केला तर निकाल पुसट आला. मुलं शाळेत सुरक्षित हवेत होती, पण शाळेच्या बसमध्ये एकमेकांच्या मांडीवर! तरीही ठपका कल्पनेवरच आला. वेल्स भांडखोर होता असं त्याच्याबद्दल लिहिलेलं वाचायला मिळतं. असेल. पण आपल्याला पक्कं माहीत असलेली गोष्ट वीस वर्षं कोणी ऐकत नसेल तर माणूस गोड बोलेल तरी कसा?

शेवटी बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याचे विद्यार्थी राहिलेले रिचर्ड रायली आणि वेल्स यांनी तो प्रयोग उभा केला. क्षयरोग्यांच्या वॉर्डची हवा नळीतून वरच्या मजल्यावर नेली. तिथे सुमारे दीडशे गिनिपिग ठेवले. रुग्णांशी त्यांचा संबंध फक्त हवेचा. गिनिपिगांना क्षय झाला. दुसऱ्या खोलीत तीच हवा अतिनील प्रकाशातून नेली. तिथल्या गिनिपिगांना झाला नाही. मला विचाराल तर संशोधन पद्धतीच्या पेपरला हा एकच प्रयोग शिकवला तरी चालेल. हार्बिनमध्ये जे वेगळं काढता येत नव्हतं, ते इथे नळी आणि दिव्याने वेगळं काढलं. वेल्स १९६३ मध्ये गेला.

आणि इथेच रँडल यांना तो पाचाचा आकडा सापडला. क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या अगदी खोल, शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचला तरच रोग धरतो, आणि तिथपर्यंत पोचतात ते फक्त बारीक कण, पाच मायक्रॉनच्या आतले. ससे वापरून केलेल्या प्रयोगांतून हे दिसलं होतं. म्हणजे पाच मायक्रॉन हे माप 'फुप्फुसात किती खोल' या प्रश्नाचं उत्तर होतं. 'हवेत किती वेळ' या प्रश्नाचं उत्तर शंभर होतं. अमेरिकेच्या सीडीसीचे तेव्हाचे प्रमुख साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्युर यांना वेल्सच्या कल्पनेबद्दल बरीच वर्षं शंका होती. क्षयाचा पुरावा आल्यावर हवेतून पसरणं मान्य झालं, पण क्षयापुरतं, आणि क्षयाच्या मापासकट. पुढे हस्तपुस्तकांतून वाक्य छोटं होत गेलं. हवेतून म्हणजे पाचच्या खाली. मग उरलेलं म्हणजे पाचच्या वर, ते खाली पडतं. हे दुसरं वाक्य कोणी मोजलेलं नव्हतं. रँडल, युइंग, मार, होसे-लुइस हिमेनेझ आणि लिडिया बुरुइबा यांचा हा शोधनिबंध २०२१ मध्ये आला. ज्या क्षयावर माझ्या शेजारच्या प्रयोगशाळेतले अर्धे लोक काम करतात, त्याच्या एका आकड्याने जगभर एवढी उलथापालथ केली हे वाचून मी त्या दिवशी दुसरं काहीच वाचलं नाही.

याची किंमत काय पडली? १० मार्च २०२० ला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅलीच्या गायनवृंदाने अडीच तास सराव केला. दारात सॅनिटायझर होतं, गळाभेटी टाळल्या. ६१ जणांमधल्या एकाला लक्षणं होती. चाचणीने सिद्ध आणि लक्षणांवरून संभाव्य धरून आणखी ५२ जणांना लागण झाली, दोघं दगावले. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने हा विषाणू हवेतून पसरत नाही असं ठळक अक्षरात जाहीर केलं. पुढच्याच आठवड्यात लिडिया मोरावस्का यांच्या पुढाकाराने काही शास्त्रज्ञांनी संघटनेशी चर्चा केली. उपयोग झाला नाही. जुलैत २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याचं पत्र प्रसिद्ध झालं. संघटनेच्या माहितीपत्रकात हवेचा स्पष्ट उल्लेख यायला एप्रिल २०२१ उजाडला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने हवा खेळती ठेवा, एरोसोल दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, असं सांगितलं ते २० मे २०२१ ला. तेव्हा दुसरी लाट सर्वोच्च बिंदू ओलांडून गेली होती. ज्यांच्या घरातून कोणी गेलं त्यांना ती तारीख मी वेगळी समजावून सांगायला नको.

एक तांत्रिक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण मुलाखतीत विचारतात. 'विषाणू ०.१ मायक्रॉनचा आणि एन-९५ तर ०.३ ची चाळणी, मग उपयोग काय?' एन-९५ ही चाळणीच नाही. मोठे कण वळणावर तंतूंना धडकतात. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि तंतूंना चिकटतात. शिवाय तंतूंवर विद्युतभार असतो, तो कण ओढून घेतो. ०.३ च्या आसपासचे कण या सगळ्यांतून सर्वांत जास्त निसटतात, म्हणून परीक्षा त्यांच्यावर घेतात आणि तिथे ९५ टक्के लागतात. लहान कणांवर तो जास्त चांगला चालतो. आणि धुतला की विद्युतभार जातो. त्यामुळे घराघरांत साबणाच्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत घातलेले एन-९५ म्हणजे दिसायला एन-९५.

मास्कने समाजात फरक पडतो का, याचा सर्वांत मोठा प्रयोग बांगलादेशात झाला, २०२०-२१ च्या हिवाळ्यात, ६०० गावं, तीन लाखांहून जास्त प्रौढ. अर्ध्या गावांत फुकट मास्क आणि ते वापरण्याचा आग्रह. योग्य मास्क वापरणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ वर गेलं, आणि लक्षणांसह सिद्ध झालेला संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला; सर्जिकल मास्कच्या गावांत ११ टक्के, त्यात साठीच्या पुढच्यांमध्ये ३५ टक्के. कोणी म्हणालं 'फक्त नऊ?' पण विचार करा, हा मास्कचा परिणाम नाही; दहांतल्या आणखी तिघांनी मास्क लावण्याचा परिणाम आहे. २०२३ च्या सुरुवातीला कॉक्रेनचा आढावा आला तेव्हा पुन्हा तेच. 'मास्क निरुपयोगी' अशा बातम्या आल्या आणि कॉक्रेनच्या मुख्य संपादकांना खुलासा करावा लागला की आढाव्याने तपासलं ते मास्क वापरायला लावण्याच्या उपक्रमांचं यश, आणि त्याबद्दलही पुरावा अनिर्णित आहे. केलॉगच्या वेळचा गोंधळ, १०३ वर्षांनी, तसाच.

मी अजून मास्क लावते. बसमध्ये, दवाखान्यात आणि आमच्या सेमिनार हॉलमध्ये. ज्या आत्याकडे मी राहते तिची किडनी बदललेली आहे. शरीराने ती नाकारू नये म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांमुळे साधा सर्दीचा विषाणूसुद्धा तिला दोन आठवडे झोपवतो. "अजून?" असं मला विचारतात, बहुतेक वेळा हसून. एका सिनिअरने "घाबरट" म्हटलं होतं. मी उत्तर देत नाही कारण आत्याचं आजारपण कॅन्टीनच्या टेबलावर मांडायची माझी इच्छा नसते. पण हा इतिहास वाचल्यापासून माझ्या सवयी बदलल्या आहेत हे खरं. सॅनिटायझरची बाटली बॅगेतून गेली. मोकळ्या मैदानात मी मास्क काढते. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा खिडक्या बघते.

एप्रिल २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी परिभाषा जाहीर केली. थेंब आणि एरोसोल असे दोन कप्पे आणि त्यांमधली पाच मायक्रॉनची रेघ त्यात सोडून दिली आहे; आता सगळ्यांना मिळून 'संसर्गजन्य श्वसनकण' म्हणायचं. आमच्या विभागात जिन्याजवळ लावलेल्या सुरक्षा तक्त्यावर ती रेघ अजून आहे. सेमिनार हॉलच्या खिडक्या एसी बसवताना कायमच्या बंद केलेल्या आहेत. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र मी मित्राकडून मागून आणलं आणि गेल्या महिन्यातल्या एका प्रेझेंटेशनला टेबलावर ठेवलं. सुरुवातीला आकडा ७०० च्या घरात होता, दीड तासाने २,१०० च्या वर. चाळीस माणसं एकमेकांचा उच्छ्वास घेत बसली होती. मी तो आलेख तक्त्याशेजारी चिकटवला आहे. दोन खिडक्यांचे स्क्रू काढायला परवानगी लागते म्हणतात; अर्ज दिला आहे.